आईंची सीडी आणि माझी चुकलेली नोंद



दशलक्षण पर्व जवळ आलं की घरात कामांची रांग लागते. धान्य निवडून ठेवायचं, पाण्याची गाळणी नवीन शिवायची, पूजेची भांडी घासायची. या वर्षी या सगळ्यात एक वेगळंच काम मध्ये आलं आणि त्याने आठवडाभर माझी झोप घालवली. काम ऐकायला अगदी किरकोळ आहे. एक सीडी लॅपटॉपवर लावायची होती. पण लॅपटॉप ती सीडी लावायचं यंत्र ओळखेचना. त्या निमित्ताने माझ्याकडून जे घडलं तेही सांगणार आहे, कारण यंत्रापेक्षा तेच सांगण्यासारखं आहे.

आमच्या वन्सं बेळगावला असतात. वय ७९. गेल्या दोन वर्षांत त्यांना ऐकू येणं खूप कमी झालंय. श्रावणात फोनवर मोठ्याने बोलता बोलता त्या मला म्हणाल्या, "वहिनी, आईची ती भक्तामरची सीडी तुझ्याकडे आहे ना? कान पुरते जायच्या आधी एकदा तिचा आवाज ऐकव गं. दशलक्षणाच्या आधी रविवारी येते मी." मी लगेच हो म्हणून बसले.

ही सीडी म्हणजे आमच्या सासूबाईंचा आवाज. २००७ च्या दशलक्षणात माझ्या मुलाने घरच्या कॉम्प्युटरला माइक लावून दोन संध्याकाळी त्यांच्याकडून भक्तामर स्तोत्र म्हणून घेतलं होतं. ४८ श्लोक, आणि मग त्यांच्या पद्धतीने मराठीत अर्थ. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, पण बस्तीत स्वाध्यायाला बसून बसून सगळं पाठ झालेलं. २००९ मध्ये त्या गेल्या. मुलाने तेव्हाच एक सीडी करून माझ्याकडे दिली होती. मी ती गोदरेजच्या कपाटात पैठणीखाली, कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याच्या पुरचुंडीशेजारी जपून ठेवली. इतकी जपली की सतरा-अठरा वर्षांत एकदाही लावली नाही!

आता घरात सीडी लावायला काही उरलेलंच नाही. जुना डीव्हीडी प्लेअर कधीच बंद पडला. सूनबाईच्या ऑफिसच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही, हल्लीच्या बारीक लॅपटॉपना ती नसतेच. म्हणून सूनबाईने वायरने जोडायची बाहेरची ड्राइव्ह मागवली. वहीएवढी चपटी, काळी, साधारण दीड हजाराची. गुरुवारी ती आली.

गुरुवारची संध्याकाळ

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होतात, त्यामुळे सात वाजता आम्ही सगळे मोकळे. सूनबाईने लॅपटॉप उघडला. तिच्या लॅपटॉपला फक्त ते छोटे लांबट गोल पोर्ट आहेत, टाइप-सी म्हणतात ते. ड्राइव्हची पिन जुन्या चौकोनी प्रकारची. म्हणून मध्ये डोंगल. त्या डोंगलला आधीच तिचा माउस, एक पेन ड्राइव्ह आणि मोठ्या स्क्रीनची वायर लावलेली होती. राहिलेल्या पोर्टमध्ये तिने ड्राइव्ह जोडली. हिरवा दिवा लागला. मी हात धुऊन, पुसून, सीडी कडेने धरून आत ठेवली.

आतून कट्‌कट्‌ असा आवाज आला. दिवा लागला, विझला, परत लागला. लॅपटॉपवर काही जोडल्याचा टुंग आवाज आला आणि दोन सेकंदांत काही काढल्याचा आवाज आला. परत टुंग. परत तेच. स्क्रीनवर मात्र ड्राइव्हचा पत्ताच नाही.

माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "काढ, काढ ती आधी, माझी सीडी कापली जाईल." सूनबाईने बटण दाबून सीडी बाहेर काढली. ओरखडा वगैरे काही नव्हता. पण माझा तोल गेला तो गेलाच.

घरातला प्रत्येकजण वेगळं सांगू लागला. आमचे हे म्हणाले, "सीडीच मेली असणार, इतकी वर्षं टिकतात का या?" मुलगा कामासाठी चेन्नईला, तो फोनवर म्हणाला, "ड्राइव्ह खराब आली आहे, परत करा." नातू कॉलेजात शिकतो, तो म्हणाला, "ड्रायव्हर नसणार आजी, मी डाउनलोड करतो." आणि मी? मी सूनबाईला म्हणाले, "स्वस्तातली आणली की असंच होतं. आणि मुळात तुम्ही तो जुना कॉम्प्युटर भंगारात घातला नसता तर ही वेळच आली नसती. आईंचा आवाज त्यात होता. मला विचारलंसुद्धा नाही."

सूनबाई काही बोलली नाही. डोंगल गुंडाळला, लॅपटॉप मिटला आणि आत गेली. ती उलटून बोलली असती तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटलं. न बोलता गेलेल्या माणसाचा शब्द आपल्यालाच रात्रभर ऐकू येत राहतो.

शुक्रवारची वही

मी १९८१ ची बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण लग्न झाल्यापासून घराचा हिशेब रोज लिहिते. सगळ्या वह्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत आहेत. शुक्रवारी दुपारी मी ती पेटी खाली काढली. कशासाठी ते खरं सांगते. कॉम्प्युटर कोणत्या वर्षी भंगारात गेला ती नोंद मला शोधायची होती. तारीख सापडली की सूनबाईला दाखवता आली असती. म्हणजे माझ्या रागाला मला पुरावा हवा होता.

नोंद सापडली. २०१६ ची वही, दिवाळीच्या आधीचा आठवडा. जमेच्या बाजूला लिहिलं होतं: "जुना कॉम्प्युटर, भंगारवाल्यास, ६०० रुपये." अक्षर माझं.

मग सगळं आठवलं. घराला रंग काढला होता. हॉलमधला तो अवजड डबा मला अडचण वाटत होता. सूनबाई तेव्हा घरातच नव्हती, तिचे वडील आजारी होते म्हणून महिनाभर माहेरी होती. मुलगा म्हणाला होता, "आई, थांब, त्यातलं बघून घेतो." मी म्हटलं होतं, "सीडी आहे की आपल्याकडे, काय बघायचंय?" आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याला मी स्वतः, स्वतःच्या हाताने तो दिला होता. ६०० रुपये घेऊन वर ५० साठी घासाघीसही केली होती.

मैत्रिणींनो, हिशेबात एक गंमत आहे. कॉमर्स झालेल्यांना आठवेल. जमा-नावेची तेरीज जुळली नाही की चूक आहे हे कळतं. पण एका माणसाच्या नावावर टाकायची रक्कम त्याच बाजूला दुसऱ्या माणसाच्या नावावर पडली तर तेरीज अगदी बरोबर जुळते! कागदावर सगळं ठीक दिसतं. ज्याच्या खात्यावर चुकून बोजा पडला आहे तो येऊन सांगेपर्यंत ती चूक सापडत नाही. आणि आमच्या घरात तो माणूस येऊन सांगणाऱ्यांतला नव्हता. माझ्या खात्यावरचं कर्ज मी इतकी वर्षं सुनेच्या खात्यावर लिहून ठेवलं होतं आणि माझी तेरीज रोज जुळत होती.

शनिवारी सकाळी सामायिकाला बसले, पण मन स्थिर होईना. उत्तम क्षमा, उत्तम मार्दव, उत्तम आर्जव हे दहा धर्मांतले पहिले तीन. दोन दिवसांनी मी बस्तीत बसून पहिल्याच दिवशी क्षमेवर प्रवचन ऐकणार होते आणि घरात ही नोंद तशीच. क्षमावाणी तर अनंत चतुर्दशीनंतर. तोपर्यंत थांबायचं म्हणजे हिशेब वर्षअखेरीवर ढकलण्यासारखं झालं.

उठले, वही घेतली आणि स्वयंपाकघरात सूनबाईपुढे उघडून ठेवली. म्हटलं, "कॉम्प्युटर मी विकला होता. तू नव्हतीस सुद्धा इथे. चुकलं माझं."

ती वही बघून हसली. म्हणाली, "मला माहीत होतं, आई. मी परत आल्यावर तुम्हीच सांगितलं होतं, सहाशेला दिला म्हणून."

"मग गुरुवारी बोलली का नाहीस?"

"तुम्ही सीडीच्या काळजीत होता. त्यात आणखी काय भर घालायची?"

यावर मला काही बोलता आलं नाही. तिनेच विषय बदलला. "चला, ड्राइव्हचं बघू. वन्सं उद्या येणार."

तेरीज जुळवावी तसं

मी म्हटलं, आता घाईने काही करायचं नाही. तेरीज जुळेना की आमचे सर सांगायचे, आधी बेरजा तपासा. मग फरक बघा. फरक दोनने भागला जातो का? मग एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली असेल. नऊने भागला जातो का? मग आकडे उलटे लिहिले असतील, ४५ चे ५४. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि काय तपासलं ते लिहून ठेवायचं. आम्ही तेच केलं. ते इथे सविस्तर देते, तुम्हाला उपयोगी पडेल.

पहिलं: मूळ सीडी बाजूला. आपल्याकडे एकच असलेली वस्तू तपासणीला वापरायची नाही. नातवाची लहानपणची इंग्रजी बालगीतांची सीडी सापडली. ती गेली तरी कुणी रडणार नव्हतं. ती घातली. तोच कट्‌कट्‌ आवाज, तोच उघडझाप करणारा दिवा. म्हणजे दोष आईंच्या सीडीत नव्हता. मी वहीत लिहिलं: "सीडी निर्दोष." निम्मा जीव तिथेच भांड्यात पडला.

दुसरं: लॅपटॉप बंद करून चालू करणे. ड्राइव्ह काढून ठेवली, लॅपटॉप पूर्ण बंद केला, चालू केला, मग ड्राइव्ह जोडली. पुष्कळदा एवढ्यानेही काम होतं. आमचं झालं नाही.

तिसरं: डिव्हाइस मॅनेजर. सूनबाईने स्टार्टच्या चिन्हावर उजवं बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडलं. लॅपटॉपला काय काय जोडलंय याची ती यादी असते, आपल्या वाणसामानाच्या यादीसारखी. त्यात "डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्हज" असं एक सदर दिसायला हवं. इथे काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं, म्हणून मी ते नीट विचारून घेतलं:

– यादीत नावच नसेल, तर दोष वायर, पोर्ट किंवा वीज यांत.
– नाव आहे पण शेजारी पिवळी खूण आहे, तर दोष सॉफ्टवेअरचा. त्या नावावर उजवं बटण दाबून ते "अनइन्स्टॉल" करायचं आणि लॅपटॉप बंद-चालू करायचा. विंडोज आपणहून परत बसवून घेतं. अशा ड्राइव्हसाठी लागणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोजमध्येच असतं, बाहेरून कुठून डाउनलोड करायला जाऊ नये. नातवाला तिथेच थांबवलं.
– नाव आहे, खूण नाही, तरी "धिस पीसी"मध्ये दिसत नाही, तर कदाचित तिला अक्षर मिळालेलं नसतं. "डिस्क मॅनेजमेंट"मध्ये जाऊन ई, एफ असं मोकळं अक्षर द्यायचं.
– ड्राइव्ह दिसते पण "डिस्क घाला" असंच म्हणत राहते, तर मग सीडीकडे बघायचं.

आमच्याकडे यातलं एकही धड नव्हतं. नाव यायचं आणि दोन सेकंदांत जायचं. परत यायचं, परत जायचं. नातू म्हणाला, "आजी, इंटरनेटवर लिहिलंय की रजिस्ट्रीमध्ये जाऊन दोन नोंदी पुसायच्या." मी म्हटलं, "बाळा, हिशेब जुळत नाही म्हणून कुणी वहीची पानं फाडतं का?" तो उपाय खोटा नाही, जुन्या सीडी लिहायच्या सॉफ्टवेअरच्या नोंदी मागे राहिल्या तर तो लागतो, पण जाणकाराने, आधी प्रत काढून ठेवून करायचा. आणि आमची खूण तशी नव्हतीच. नोंदीचा दोष असता तर नाव पिवळी खूण घेऊन जागेवर बसलं असतं, असं असं ये-जा केलं नसतं.

चौथं: दुसऱ्या कॉम्प्युटरवर. शेजारच्या काकूंचा मुलगा लोकांचे हिशेब करतो, त्याच्याकडे मोठा टेबलावरचा कॉम्प्युटर आहे. मी ड्राइव्ह आणि बालगीतांची सीडी घेऊन गेले. त्याने कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये पिन लावली. ड्राइव्ह लगेच दिसली. सीडी घातली, सुर्रर्र करून फिरली आणि बालगीतं सुरू! मी वहीत लिहिलं: "ड्राइव्ह निर्दोष." स्वस्तातली म्हणून मी जिला नावं ठेवली होती ती.

त्या मुलाने मला एकच प्रश्न विचारला. "काकू, घरी डोंगलला आणखी काय काय लावलंय?"

वीज पुरत नव्हती

त्याने समजावलं ते असं. या ड्राइव्हला वेगळा वीजपुरवठा नसतो, ती लॅपटॉपच्या पोर्टमधूनच वीज घेते. पोर्टची एक मर्यादा असते. जुन्या यूएसबी २.० पोर्टला ५०० मिलिअँपिअर, आत निळी पट्टी असते त्या ३.० पोर्टला ९००. दिवा लावायला आणि खण उघडायला थोडीशीच वीज लागते, म्हणून ड्राइव्ह जिवंत वाटते. पण सीडी फिरवायला सुरुवात करताना एकदम जास्त वीज लागते. त्या क्षणी डोंगलवर माउस, पेन ड्राइव्ह, स्क्रीन सगळे त्याच विजेत वाटेकरी. वीज कमी पडली की ड्राइव्ह बंद पडते, लॅपटॉपला वाटतं कुणीतरी ती काढली. बंद पडली की भार कमी होतो, की परत चालू होते. म्हणून ते टुंग आणि परत टुंग. काही ड्राइव्हबरोबर दोन पिनांची वायर येते ती याचसाठी, दोन पोर्टमधून मिळून वीज घ्यायला. आणि लांब जोडवायर मध्ये घातली तर वीज आणखी कमी पोचते.

घरी आले. सूनबाईने डोंगलवरचा माउस काढला, पेन ड्राइव्ह काढला, स्क्रीनची वायर काढली. तिच्या डोंगलला चार्जरसाठी वेगळा पोर्ट आहे. तिने लॅपटॉपचा चार्जर थेट लॅपटॉपला न लावता त्या पोर्टला लावला, म्हणजे डोंगलला भिंतीवरून वीज मिळाली. मग एकटी ड्राइव्ह जोडली. बालगीतांची सीडी घातली.

एकच टुंग. दुसरा आवाज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव आलं आणि तिथेच राहिलं. "धिस पीसी"मध्ये गोल चकतीचं चित्र आलं.

गंमत बघा. ड्राइव्ह चांगली की वाईट? भरलेल्या डोंगलच्या अपेक्षेने वाईट, चार्जर लावलेल्या डोंगलच्या अपेक्षेने चांगली. सीडी मेली म्हणणारे, ड्राइव्ह खराब म्हणणारे, सॉफ्टवेअर नाही म्हणणारे, स्वस्तातली म्हणणारी मी, आम्ही सगळे आपापला एक अंत धरून बसलो होतो. अनेकांतावर मी किती प्रवचनं ऐकली असतील! पण संध्याकाळी साडेसात वाजता हॉलमध्ये तो आठवायला हवा होता.

आईंची सीडी

मग आईंची सीडी काढली. मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसली. सीडी पुसताना भांडं पुसतो तशी गोल फिरवून पुसायची नाही. मधल्या भोकापासून सरळ बाहेरच्या कडेकडे पुसायची. यत्नाचार इथेही लागतो. हाताची बोटं चकाकणाऱ्या बाजूला लावायची नाहीत.

सीडी आत गेली. सुर्रर्र. १४ फाइली दिसल्या. मी लगेच ऐकायला निघाले होते, सूनबाईने हात धरला. "आई, आधी प्रत काढू, मग ऐकू." किती शहाणी गोष्ट! जुनी सीडी परत वाचली जाईलच असं नाही, म्हणून पहिल्या फिरण्यातच प्रत काढायची. १३ फाइली आल्या. चौदावी निम्म्यात अडकली आणि इंग्रजीत डेटा चुकल्याचा निरोप आला. परत पुसली, परत लावली, सीडी दोनदा काढून घातली. नाही आली. शेवटच्या काही श्लोकांचा अर्थ त्यात होता. तो गेला. मला वाईट वाटलं, पण दोष कुणाचा हे शोधायला मी यावेळी पेटी काढली नाही. इतकी वर्षं कपाटात ठेवून एकदाही प्रत न काढणारी मीच होते.

आता १३ फाइली तीन ठिकाणी आहेत. लॅपटॉपवर, एका पेन ड्राइव्हवर आणि मुलाकडे इंटरनेटवर. मूळ सीडी परत कपाटात, पैठणीखाली.

रविवार

वन्सं आल्या. सूनबाईने त्यांच्या कानाला मोठे हेडफोन लावले आणि आवाज पूर्ण वाढवला, इतका की समोर बसून आम्हालाही बारीक ऐकू येत होता. सुरुवातीला कुकरची शिट्टी, मग नातवाचे बोबडे बोल, तो तेव्हा दोन वर्षांचा होता. मग आईंचा तो घोगरा, संथ आवाज. वन्सं डोळे मिटून ओठ हलवत बरोबर म्हणू लागल्या.

मधल्या एका श्लोकात आई अडखळल्या. पुढचा शब्द मागे, मागचा पुढे झाला. क्षणभर शांतता, आणि मग त्यांचा आवाज: "चुकलं माझं. मागनं घेते." आणि त्यांनी तो श्लोक पहिल्यापासून म्हटला.

वन्सं डोळे न उघडता हसल्या. म्हणाल्या, "इथेच चुकायची ती नेहमी. आणि दर वेळी असंच म्हणायची." मी सूनबाईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

सासूबाई ऐंशीच्या घरात होत्या तेव्हा. समोर नात्यातली चार माणसं, माइक लावलेला, पोरगं रेकॉर्ड करतंय. "पुढे चल" म्हणून सारवून नेता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. चुकलं म्हणाल्या, मागे गेल्या आणि नीट म्हणून पुढे आल्या. त्यात ना लाज, ना कौतुक. एवढं साधं होतं ते. मला मात्र एक ओळ मागे जायला नऊ वर्षांपेक्षा जास्त काळ लागला आणि तोही पुराव्याची वही हातात आल्यावर.

वन्संनी सगळं दोनदा ऐकलं. जाताना मोबाइलवर घालून घेतलं. चौदावी फाइल आली नाही हे सांगितल्यावर म्हणाल्या, "त्याचा अर्थ मला पाठ आहे. पुढच्या वेळी मी सांगते, तू टेप कर." म्हणजे आता दिवाळीत बेळगावला जायचं आहे, माइक घेऊन.

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात अशी एखादी सीडी असेल. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या दीक्षेची, बस्तीतल्या पंचकल्याणकाची. ती या आठवड्यातच काढा. ड्राइव्ह दिसली नाही तर घाबरू नका, रागावू तर मुळीच नका. आधी साधी सीडी घालून बघा, डोंगलवरचा भार उतरवा, वीज द्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. दोष कुठे आहे ते यंत्र स्वतःच सांगतं, फक्त एका वेळी एकच प्रश्न विचारावा लागतो.

आणि घरात कुणाच्या खात्यावर तुमची एखादी नोंद चुकून पडली असेल, तर तीही याच आठवड्यात काढून घ्या. क्षमावाणीला सगळ्यांना हात जोडून उत्तम क्षमा म्हणूच. पण जिच्याशी रोज एका ओट्यावर उभ्या राहतो, तिच्यासाठी मुहूर्त कशाला?

जय जिनेंद्र.